रस्त्यापासूनची उंची

काकू दोन्ही हात लावून कुंडी ढकलत होत्या. सिमेंटची जड कुंडी, त्यात गुलाब. फाटकाच्या खांबाशी आणून त्यांनी ती टेकवली, मागे सरकून पाहिलं आणि पुन्हा वीतभर डावीकडे लोटली. खांबावर निळ्या रंगात लिहिलेला आकडा आता पानांआड गेला होता.

आकडा कालच पडला होता. मोजणीवाली मुलगी तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघत घरोघर फिरत होती. काकूंनी तिला पाणी दिलं आणि कौतुकाने म्हणाल्या,

"आमच्याकडे मोजायचं काय? सगळ्यात उंच घर आमचंच."

मुलीने खांबावर लिहिलं : २.१. समुद्रसपाटीपासून मीटर. काकूंनी चष्मा पुसला.

"पलीकडच्या गल्लीत किती?"

"शिवणकामाचं घर आहे ना, तिथे तीन पूर्णांक चार."

"उलटं झालंय गं तुझं. आम्ही वरची गल्ली."

"तुमच्या पायऱ्या उंच आहेत काकू, जमीन नाही. पायऱ्या धरल्या तरी त्यांचा उंबरा तुमच्याहून वर आहे. तुम्ही रस्त्यापासून मोजता, आम्ही समुद्रापासून."

मग तिने नीट समजावून सांगितलं. यंदा समुद्राचा अंदाज वाईट आहे. पाणी आलं तर आधी या गल्लीत शिरेल. धोक्याचा भोंगा वाजला की इथल्यांनी मधल्या भिंतीपलीकडे, त्या गल्लीत जायचं आणि तिकडच्यांनी इकडे अजिबात यायचं नाही. आकडे त्यासाठीच.

"तिकडचे तर दर वेळी माझ्याकडेच येतात," काकू म्हणाल्या.

"मग तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

गल्लीला वरची म्हणत ते तिथल्या जोत्यांमुळे. दारापर्यंत दगडी पायऱ्या, त्यावर व्हरांडा. पलीकडची घरं रस्त्याला टेकलेली, म्हणून ती खालची. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या साऱ्यांच्या वरच्या काकू होत्या. नव्या नवरीला आधी त्या नावाचं हसू आलं होतं, पुढे ते अंगावरच्या दागिन्यासारखं झालं.

दोन गल्ल्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. ती काकूंच्या यजमानांनी, ते हयात असताना, पुढाकार घेऊन बांधून घेतलेली. जाण्यायेण्यापुरती एक वाट ठेवली होती. मोठा पाऊस लागला की त्या वाटेत लाकडी फळी बसवायची. मग पलीकडचं पाणी पलीकडेच साचायचं आणि तिकडची माणसं पोरंबाळं उचलून, फळी ओलांडून काकूंच्या व्हरांड्यात यायची. त्यांत पुढे टेलरबाई. चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून ती पायऱ्या चढायची. मागून तिची सासू, दर पायरीला एक टोमणा मारत.

"या वयात वर चढायचं ते देवाघरी, नाहीतर तुमच्याकडे."

काकू सगळ्यांना चहा द्यायच्या, कोरडे टॉवेल द्यायच्या. त्याआधी मात्र व्हरांडाभर वर्तमानपत्रं अंथरायच्या. "पाय पुसून या हं. चिखल एकदा फरशीत बसला की निघत नाही." आणि चहा ओतता ओतता, "घर घेताना डोळे मिटले होते का गं तुम्ही? असं खड्ड्यात कुणी राहतं का?"

टेलरबाई हसायची.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या काकूंना एक साधी गोष्ट सुचली, आणि ती इतकी साधी होती की त्या उठूनच बसल्या. पाणी उताराकडे जातं. तिकडचं पाणी इकडे येऊ नये म्हणून यजमानांनी भिंत घातली. म्हणजे उतार इकडे होता. हे यजमानांना माहीत होतं. भिंत झाली त्या वर्षापासूनच तर ती गल्ली तुंबायला लागली. आणि फळी बसवायला हात कुणाचे होते? एक टोक यजमानांनी धरायचं, दुसरं काकूंनी.

सकाळी उठून त्यांनी कुंडी हलवायला घेतली होती.

दोन दिवस त्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. पलीकडे जाऊन सांगायचं हे ठरत होतं आणि मोडत होतं. भोंगा वाजायच्या आधी सांगू, अजून वेळ आहे, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी टेलरबाईच शिवलेले अभ्रे घेऊन आली. फाटकाशी थांबली.

"कुंडी इथे आणलीत काकू?"

"वारा फार लागायचा गं तिथे."

"इथे ऊन नाही मिळायचं तिला."

"बघते चार दिवस."

टेलरबाईने पानांकडे पाहिलं, मग काकूंच्या हाताकडे. बोटाला ओरखडा होता.

"एवढी जड. मला हाक मारायची," ती म्हणाली आणि अभ्रे देऊन गेली. सांगायचं ते काकूंकडून राहून गेलं. चहासुद्धा विचारायचा राहिला.

भोंगा वाजला तो भर दुपारी. पाऊस नव्हता, नुसता वारा, आणि गल्लीच्या टोकाला समुद्र दिसायचा तिथे काहीतरी करडं, जाड हलत होतं. शेजारी घाईघाईने दारं लावून भिंतीकडे निघाले. एकाने हाक दिली,

"वरच्या काकू, निघा."

"तुम्ही व्हा पुढे."

त्या पायऱ्या उतरून फाटकाशी आल्या. आता खालची गल्ली येईल, दर वेळेसारखी मुलं-म्हातारी घेऊन, इथेच, ह्या खड्ड्यात. निदान आकडा दिसला तर थांबतील. त्यांनी कुंडीला रेटा दिला. सकाळीच पाणी घातलं होतं, ती जागची हलेना. त्यांनी पाय रोवून पुन्हा लोटलं. रस्त्याच्या कडेने एक बारीकशी पाण्याची रेघ सरकत येऊन त्यांच्या चपलेला लागली.

भिंतीच्या वाटेतून टेलरबाई येत होती. एकटीच.

"इकडे येऊ नकोस," काकू ओरडल्या. "परत जा. सगळ्यांना सांग, इथे येऊ नका. इथे..."

त्या कुंडीची पानंच उपटायला लागल्या. काट्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

टेलरबाई जवळ आली. तिने कुंडीला पलीकडून हात लावला. "हं, आता," म्हणाली, आणि दोघींनी मिळून ती बाजूला केली. निळा आकडा उघडा पडला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तेव्हा काकूंना तिचे हात दिसले. रिकामे.

"मशीन कुठंय तुझं?"

"घरीच आहे."

"आणि सासूबाई?"

"त्याही घरीच. त्यांनीच पाठवलं मला. म्हणाल्या, वरच्या काकूंना आण जा, ती बाई काही आपणहून यायची नाही." ती किंचित हसली. "किल्ली घेतलीत का?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली. टेलरबाईने त्यांचा दंड धरला.

भिंतीच्या वाटेशी ती लाकडी फळी टेकवून ठेवलेली होती. काकू तिच्याकडे न बघता पुढे गेल्या. भिंतीनंतर त्यांच्या गुडघ्यांना चढ कळला. थोडाच होता, पण होता. या बाजूला त्या कधी आल्याच नव्हत्या. कपडे शिवायचे असले तरी निरोप जायचा आणि टेलरबाई माप घ्यायला यायची.

दारात म्हातारी सासू उभी होती. आत शेजारची माणसं दाटीवाटीने बसली होती, कोपऱ्यात मशीन आपल्या जागी होतं. काकू उंबऱ्याबाहेरच थांबल्या. चपला काढल्या. पाय चिखलाने भरले होते. पुसायला काही सापडतं का म्हणून त्या इकडेतिकडे बघू लागल्या.

"काय शोधताय?" म्हातारीने विचारलं.

"पाय..."

"या हो तशाच आत," म्हातारी बाजूला होत म्हणाली. "फरशी काय, पुसता येते."