पाटलाच्या ओट्यापुढून

आमच्या घरात ती सारी थंडी एकाच भांडणात गेली. बुलेट घ्यायची की राजदूत? नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण हट्ट त्यांचा होता, तेव्हा नावानिशीच सांगते. देवाजींना बुलेट हवी होती. टेलिफोन खात्यात लाइनमनची नोकरी, नागपुरात सक्करदऱ्याला घर आणि उंची बेताची. बुलेटवर बसले की जमिनीला नुसते चवडे टेकायचे. इकडे माझा भाऊ गिरिधर आपली राजदूत विकत होता. हलकी, बुटकी, बाजारहाटाला सोयीची.

"आपल्याले का हिमालयात जाचं हाये? हा रेडा पोसाचा काहून?" मी म्हणायचे.

"तुले नाही समजत. तिचा आवाज पाहय."

आवाज कोणाला ऐकवायचा होता ते मला चांगलं ठाऊक होतं. उमरेड रोडने यांच्या गावात शिरताना पाटलाचं घर लागतं. पूर्वी आमच्या वस्तीतल्या माणसाने त्या ओट्यापुढून जाताना चपला हातात घ्यायच्या, बंडीत असेल तर खाली उतरायचं. सासरे तसेच गेले आणि सासूबाईही. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घर नागपूरला आलं. सासरे लवकर वारले. पुढे गावी जायचा प्रसंग आलाच, तर सासूबाई शेतातल्या पायवाटेने जायच्या. जवळ पडतं म्हणायच्या. आईला गाडीवर बसवून त्या ओट्यापुढून न्यायचं, हे यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून मी फार ताणत नव्हते.

गावी यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. बुलेट विकणाऱ्या कवडूने एका दिवसासाठी गाडी दिली. गिरिधरही राजदूत घेऊन आला, म्हणजे दोन्ही गाड्या रस्त्यावर पारखून होतील. सासूबाईंना, भीमाबाईंना, स्टुलावर चढवून बुलेटवर बसवलं. मी गिरिधरच्या मागे. यांची पाठ अशी ताठ, की मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

गावाजवळ कडुनिंबाचं वळण आलं. पुढे पाटलाचं घर. यांनी मुद्दाम गाडीचा आवाज चढवला. तेवढ्यात सासूबाईंनी यांच्या खांद्यावर थाप मारली. "थांब गा, थांब."

यांना वाटलं, लुगडं चाकात गेलं. गाडी पुरती थांबायच्या आत सासूबाई उतरल्या. चपला काढून हातात घेतल्या, पदर डोक्यावर ओढला आणि कडेकडेने चालू लागल्या.

"माय! काय करून राहिली?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. यांनी इंजिन बंद केलं. पुन्हा बसवायला स्टूल कुठून आणणार? जड गाडी दोन्ही हातांनी ढकलत हेही आईमागे चालले. ओट्यावर पाटलाचा नातू पेपर वाचत होता. म्हातारा पाटील कधीच मेला होता. नातवाने मानसुद्धा वर केली नाही. मला असा संताप आला, आणि तो काढू कोणावर?

लग्नात यांनी घास तोंडात घातला नाही. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"मी नाही उतरली गा," त्या म्हणाल्या. "पाय उतरले."

"माय, आता कोण काय म्हणते तुले?"

"कोणी नाही. मले मालूम हाये. पण तो आवाज झाला अन् वाटलं, आता समदे पाहतीन." त्यांनी ताट यांच्यापुढे सरकवलं. "तुले त्याईले ऐकवाचं होतं. मले नुसतं बसून जाचं होतं."

हे उठले आणि गिरिधरकडून राजदूतची किल्ली घेतली.

परत निघताना राजदूतवर सासूबाई आपल्या आपण बसल्या. गिरिधरने बुलेट चालूच केली नाही. आम्ही दोघं वस्तीच्या तोंडाशी उभं राहून पाहत होतो. राजदूत ओट्यापाशी आली. सासूबाईंचा हात यांच्या खांद्यावरून उचलला गेला. हात तसाच वर राहिला, मग त्याने यांचा सदरा मुठीत धरला. गाडी हळूहळू पुढे गेली.

आम्ही पोचलो तेव्हा हे कडुनिंबाखाली थांबले होते. डोळे लाल. गिरिधरला म्हणाले, "हे गाडी मी ठेवतो गा." बुलेटकडे त्यांनी पाहिलंही नाही. सासूबाई अजून गाडीवरच होत्या, समोर बघत.

"प्रेमिले, पाहय वं," त्या मला म्हणाल्या, "चपला पायातच हायेत ना?"

मी खाली वाकले. पायातच होत्या. बोटं अशी आवळून धरली होती, की मी दोन्ही हातांनी त्यांची पावलं चोळत बसले, तेव्हा कुठे ती सैल झाली.