चौदाव्या पानावरची हरणाबाई

मौलानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि पेढ्यांचा पुडा पुढं केला.

“घ्या मावशी. तुमच्यामुळं माझी नोकरी परत मिळाली.”

हरणाबाई शेंगा फोडतच राहिली.

“मी तुला वळखत न्हाई रं. घर चुकलास काय?”

“न्हाई. शिराळ्यातल्या हरणाबाई, सूतगिरणीच्या. वकिलानंच पत्ता दिला. मी मौला. सांगलीत हळद पॉलिश करायच्या कारखान्यात होतो.”

सोळा वर्षं त्यानं तिथं ड्रममध्ये हळद फिरवली. ओव्हरटाइम मागितला, तर मालकानं त्याच दुपारी हाकलून दिलं. वर कोर्टात सांगितलं, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा. असं बोलताना जीभ अडखळत नाही या लोकांची. नऊ वर्षांनी, गेल्या आठवड्यात, हायकोर्टानं त्याला परत घ्यायला सांगितलं. उद्या हजर व्हायचं होतं.

“मग कोर्टाला पेढं दे. मला कशाला?”

“वकिलानं तुमचा निकाल पुढं ठेवला, म्हणून माझा लागला. तुमालाबी ठेकेदाराचीच म्हणाले होते ना?” मौला हौसेनं म्हणाला, “आता गिरणीत कंची पाळी हाय तुमची, दिवसाची का रातीची?”

तिची बोटं थांबली.

“पाळी? निकाल लागला तवा गिरणीला कुलूप व्हतं. मशिनं भंगारात गेली. अकरा वर्सं तारखा केल्या. गाव म्हणतंय, म्हातारीनं कागद जिंकला.”

मौलाचं तोंड उतरलं. एसटीत बसल्यापासून तो मनातल्या मनात ह्या बाईला गिरणीच्या गेटातून ताठ मानेनं आत जाताना बघत होता. पुडा कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं पिशवीतून आपला निकाल काढला, चौदावं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हितं. हे तुमचं नाव.”

तिनं पदराला हात पुसून त्याच ओळीवर आपलं बोट टेकवलं.

“वाच.”

त्यानं वाचलं. हरणाबाईच्या प्रकरणात या न्यायालयानं जे ठरवलं, तेच इथंही लागू आहे.

“परत वाच.” मग आत तोंड करून म्हणाली, “माया, भायेर ये. तू बी ऐक.”

सून दारात आली. मौलानं तिसऱ्यांदा वाचलं. हरणाबाईनं त्याच्या हातातला पुडा घेऊन उघडला, एक पेढा सुनेच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला.

निघताना मौला चपलेत पाय घालत घुटमळला.

“उद्या गेटावर आत सोडत्यात का न्हाई, कुणास ठावं.”

हरणाबाईनं ओंजळभर शेंगदाणे त्याच्या रुमालात बांधले.

“आडवलं तर माझं नाव सांग.”