अयेबारेचा हिरवा दिवा

कंपालातल्या त्या ऑफिसात भिंतीवर एक दिवा होता, आणि नाल्वोगाला तो डोळ्यांसमोर नको झाला होता.

वर्तमानपत्रांना वेबसाइटवर बातम्या चढवता याव्यात म्हणून तिथे सॉफ्टवेअर बनवत. ते धड चालतं ना, हे पाहण्याचं काम इतकी वर्षं नाल्वोगाचं. नवी आवृत्ती आली की ती प्रत्येक पान उघडायची, प्रत्येक बटण दाबायची. मान अवघडून जायची, पण तिने ‘जाऊ दे’ म्हटल्याशिवाय काही बाहेर जात नसे. मग म्बारारातून हा अयेबारे आला. तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला आणि “ताई, तुम्ही काय काय बघता?” असं विचारत राहिला. तिने शिजवलेल्या केळ्यांचं मटोके खाता खाता, निम्मं लक्ष ठेवून सांगितलं. गड्याने ती सगळी तपासणी मशीनवर चढवली! कोणीही कोडमध्ये बदल केला की चाचण्या आपोआप धावायच्या. सगळ्या पास झाल्या तर दिवा हिरवा. एखादी नापास झाली तर लाल, आणि ज्याच्यामुळे लाल झाला त्याने सगळ्यांसाठी कोपऱ्यावरून रोलेक्स आणायची, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं गरम ऑम्लेट.

आता कोणी नाल्वोगाकडे येत नसे. येता-जाता दिव्याकडे बघत आणि खुश होत. शुक्रवारी मालक मुलोंडो चाचणी विभागाचा प्रमुख नेमणार होते. ती खुर्ची आपलीच, असं ती घरी आईला केव्हाच सांगून बसली होती. अयेबारे हसला तरी तिच्या पोटात दुखायचं. त्याने तिला चहा आणून दिला, की ते आणखी दुखायचं.

‘दिव्याला काय कळतंय? फुटकळ चुका पकडतो, मोठी दिसायची नाही,’ तिने मनाशी ठरवलं. गुरुवारी तिने कोडमधली एकच ओळ बदलली. आता वार्ताहराचा कच्चा मजकूर संपादकाच्या परवानगीशिवाय थेट वेबसाइटवर गेला असता. बदलाचं कारण लिहिलं: ‘किरकोळ दुरुस्ती’. तिचं काम कोणी तपासत नसे, कारण तपासणारी तीच. दिवा हिरवा राहिला की मुलोंडोंना हाताला धरून आणायचं आणि या शहाण्याचं पितळ उघडं पाडायचं, एवढाच बेत होता.

चाचण्या धावू लागल्या. तिचा चहा गार झाला.

दिवा लाल झाला.

“रोलेक्स! रोलेक्स!” ऑफिसने टेबलं बडवली. आरडाओरडा ऐकून मुलोंडो बाहेर आले आणि दिव्याखालच्या स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचू लागले. “नापास चाचणी: परवानगीशिवाय मजकूर बाहेर जाऊ नये. बदल करणारी: नाल्वोगा.” ते थांबले. “आणि चाचणी सुचवणारी... नाल्वोगा?”

“निम्म्याहून जास्त त्यांच्याच आहेत, साहेब,” अयेबारे म्हणाला. “मी नुसत्या मशीनला शिकवल्या. ज्याचं त्याचं नाव घातलंय.”

नाल्वोगा स्क्रीनवरचं आपलं नाव पुन्हा वाचू लागली. त्या चाचण्या तिने एकदाही उघडून पाहिल्या नव्हत्या.

“पण ही चूक तुझ्या हातून?” मुलोंडोंनी विचारलं.

अयेबारेच मध्ये पडला. “चूक कसली? ताईंनी मुद्दाम घातली असणार. दिवा जागा आहे की झोपलाय, ते बघायला! हो ना, ताई? मला हे सुचलंच नव्हतं बघा.”

सगळे तिच्याकडे पाहत होते. “हो,” ती म्हणाली.

“मग शुक्रवार कशाला हवा?” मुलोंडो हसले. “प्रमुख नाल्वोगाच.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अयेबारेच्या. त्याच्या मनात वाईट येतच कसं नाही, या विचाराने ती आतून जळाली. खुर्ची मिळाली तरी हेवा तसाच होता.

“ताई, मुद्दाम केलंत, तुम्हाला दंड नाही,” तो म्हणाला.

“आहे,” ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

कोपऱ्यावरच्या चपातीवाल्याला ऑफिसचा रिवाज पाठ होता. तिला पाहून तो चकित झाला. “तुम्ही, ताई? आज कोणी शेण खाल्लं?”

“मीच,” नाल्वोगा म्हणाली. “मुद्दाम.”