बाई चकित होतात

“आता बघ हं, आता बाई चकित होणार,” तिसऱ्या बाकावरून कुजबुज आली आणि अख्खा वर्ग फिसकन हसला.

बाईंच्या एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हातात पांढरा पुठ्ठा. “अगंबाई, हे काय?” हे शब्द अगदी ओठांवर आलेले, ते त्यांनी तसेच गिळले. भिंग टेबलावर ठेवलं. कुजबुजणारी कोण, हे बघायचीही गरज नव्हती. नको तिथे नेमकं टोचते म्हणून बाईंनीच तिचं नाव टाचणी ठेवलं होतं.

“काय गं टाचणे, तुला कसं कळलं?”

टाचणी उठली. तिच्या हातात एक जुनी वही होती. “ताईची आहे, बाई. चार वर्षांपूर्वी ती तुमच्याच वर्गात होती. तिने समासात लिहून ठेवलंय, ‘इथे बाई चकित होतात.’” मग जरा चाचरत तिने विचारलं, “दर वर्षी होता का, बाई?”

वर्ग आता हसत नव्हता.

बाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना लाज वाटली. एकतीस वर्षं त्या विज्ञान शिकवत होत्या. बाकीचं पुस्तक कुणीही शिकवावं, पण प्रकाशाचा धडा म्हणजे बाईंचा हातखंडा. मरगळलेला वर्ग या एका तासाला जागा व्हायचा, तो वर्षभर जागा राहायचा. वर्षअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या, म्हणजे हा धडा आता शेवटचाच. आणि त्याचीच अशी फजिती!

“होते,” बाई म्हणाल्या. “दर वर्षी, याच जागी. भिंगातून चित्र उलटं पडतं हे मला काय आज कळलं?”

“म्हणजे नाटक?”

“चकित होणं हे नाटक. ते बघताना तुमची तोंडं जी होतात ना, त्याचा आनंद मात्र खरा. त्याच्यासाठी तर रोज येते मी.”

टाचणीच्या भुवया काही खाली येईनात. “पण सरळ सांगितलं तरी कळतं की, बाई. एवढं सगळं कशाला?”

“असं? मग मधल्या सुट्टीनंतर ब तुकडीला हाच धडा आहे. तू शिकव. सरळ सांग.”

बोलून तर बसल्या, पण मनातून बाई धास्तावल्या. पोरीचं म्हणणं खरं निघालं तर? एकतीस वर्षांचा तो सगळा आटापिटा म्हणजे नुसती त्यांची हौस ठरणार होती. पण माघार घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सुट्टीत त्यांनी डबासुद्धा नेहमीसारखा पोटभर खाल्ला.

ब तुकडीत एक खिडकी सोडून बाकीच्या लावून घेतल्या आणि बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. टाचणीने समोर उभं राहून घडाघडा सांगून टाकलं, “हे बहिर्गोल भिंग. यातून पुठ्ठ्यावर बाहेरचं चित्र पडतं. ते उलटं असतं. लिहून घ्या.”

मुलांनी लिहून घेतलं. एकाने जांभई दिली. दुसऱ्याने विचारलं, “परीक्षेला येतं का?”

“येतं.”

“मग झालं की. पुढचं सांग.”

टाचणी गोरीमोरी झाली. बाईंचा जीव तुटला. उठावं, पुढे जावं आणि भिंग काढून घ्यावं असं फार वाटलं. त्यांनी बाक घट्ट धरून ठेवलं.

“थांबा, दाखवते ना,” टाचणी म्हणाली. तिने भिंग खिडकीकडे धरलं आणि त्यामागे पुठ्ठा. नुसता उजेडाचा डाग. किती अंतरावर धरायचं, ते ताईच्या वहीत कुठे लिहिलं होतं? पुठ्ठा पुढे केला, मागे केला. डाग पसरला, आक्रसला. “जमत नाही का गं?” कुणीतरी विचारलं. जीभ दातांत धरून ती पुठ्ठा नखभर, नखभर सरकवत राहिली.

“अय्या!” ती किंचाळलीच. “रंग आहेत! अरे, हलतंय! शिपाईमामा सायकलवर... डोकं खाली!”

धडाधड बाकं सरकली. सगळी तुकडी पुढे धावली.

“मला बघू दे!”

“उलटं का पण?”

“भिंग फिरवलं तर सुलटं होईल?”

“अरे, एकेक जण! रांग करा!” टाचणी ओरडत होती. विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला येत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. “थांब, करून बघू या,” एवढंच ती ज्याला त्याला सांगत होती.

हा गलका बाईंच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं त्यांनी याचसाठी नाटक केलं होतं. त्यांचा ऊर भरून आला. लगबगीने त्या पुढे गेल्या आणि एका मुलीच्या खांद्यावरून डोकावू लागल्या.

पुठ्ठ्यावरची नजर न काढता त्या मुलीने कोपराने त्यांना मागे सारलं. “ढकलू नकोस ना गं. रांगेत ये.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.