खो-खोच्या फोटोतली हॉकी

मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल की माझ्या अंगावर चेंडूचे वळ असतील, माझा दांडा खेळाडूंच्या घामाने काळा पडला असेल. तसे काही नाही. मी आजवर एकही चेंडू मारलेला नाही. माझे सगळे आयुष्य फोटो काढून घेण्यात गेले.

माझा जन्म दूर जालंधरचा. तुतीचे लाकूड वाफेवर नरम करून कारागिराने माझे टोक वाकवले, दांड्याला वेत बसवला, वरून सूत गुंडाळले. माझ्याबरोबर घडलेल्या बहिणी मैदानांवर गेल्या. मी मात्र अकोल्याच्या दुकानातून निघाले ती थेट मंगरूळपीरला, मोहनसिंगांच्या फोटो स्टुडिओत. १९७५ साली आपल्या देशाने हॉकीचा विश्वचषक जिंकला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी हॉकीच होती. मोहनसिंगांनी हवा ओळखली आणि मला आणले. सोबत पांढरे कपडे आणि कॅनव्हासचे बूटही आणले.

मग काय विचारता! दुकानदार, तलाठी, नवरदेव, जो येई तो खेळाडूचे सोंग घेई. पोट सुटलेले एक शेठ मला उलटी धरून ऐटीत उभे राहिले होते. एका नवरदेवाने तर मला म्हाताऱ्याच्या काठीसारखी टेकवून, कमरेत वाकून फोटो काढून घेतला. फोटो झाला की मला पडद्यामागे ठेवत. तिथे खोटा टेलिफोन आणि कागदी फुले यांच्या शेजारी मी उभी असे. बाजूच्या पानठेल्यावर रेडिओ लागे. त्यात हॉकीच्या सामन्याचे वर्णन सुरू झाले की माझा जीव कासावीस व्हायचा. माझ्या बहिणी तिथे धावत होत्या आणि माझ्याशी बोलायला टेलिफोनसुद्धा खरा नव्हता.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर एक मुलगी आईला घेऊन स्टुडिओत आली. तिचे नाव पंचफुला. राहणार आसेगावची. आई भागिरथा शेतात मजुरीला जायची.

"काकाजी, मले खेळाडूचा फोटू काढाचा हाय," पंचफुला म्हणाली. "मी शाळेत खो-खो खेळत होती. आमचा संघ जिंकला. फोटूच्या टायमाले माह्या अंगावर डिरेस नोयता, पायात जोडे नोयते. मले बाजूले उभं केलं. खेळली मी, अन् फोटूत बाकीच्या."

"आता लगन जमलं पोरीचं," भागिरथा म्हणाली. "एक फोटू पायजे म्हणते, सासरी न्यायले."

मोहनसिंगांनी पडदा दाखवला. त्यावर तळे आणि राजहंस रंगवलेले होते. पंचफुलाने मान हलवली. तिला फोटो उघड्यावर, मातीत हवा होता.

मग बेत ठरला. गावात उगीच चर्चा नको म्हणून गावाबाहेरचे पडीक वावर निवडले. ऊन कोवळे असतानाच यायचे ठरले. पांढरा सदरा तिच्या मापाचा करून घेतला. बूट मोठे होत होते, त्यांच्या टोकांत कागदाचे बोळे कोंबले. मोहनसिंग तयारीत कुठे कमी पडत नसत. तेवढ्याच प्रेमाने त्यांनी मलाही बरोबर घेतले. आसेगावच्या एसटीत कंडक्टरने मला पाहून विचारले, "कुठं हाय मॅच?" मला इतका आनंद झाला की काय सांगू! कुणीतरी मला खरी समजले होते.

वावरात भागिरथाने लुगड्याचा आडोसा धरला आणि पंचफुला कपडे बदलून आली. मोहनसिंगांनी मला तिच्या खांद्यावर ठेवले, तिची हनुवटी वर केली आणि म्हणाले, "बस! आता हालू नको."

फोटो निघाला. पण पंचफुलाचा चेहरा उतरला.

"काकाजी, हा फोटू माहा नाई. मी हॉकी खेळलीच नाई."

"अवं, हातात काही असल्याबिगर खेळाडू दिसते का?"

"खो-खोत हात रिकामेच राह्यते."

"आता आणली हाय तं राहू दे ना, पोरी," आई म्हणाली. "ऊन चढून राह्यलं. कायले एवढा हट्ट करतं?"

"माय, सासरी गेल्यावर मले कोण पळू देईन?" पंचफुला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

पंचफुलाने बूट काढून ठेवले. मग तिने मला उचलले, दांड्याकडून भुसभुशीत मातीत खोल रोवले आणि टाचेने भोवतीची माती दाबली. माझ्या लक्षात आले, तिने मला खो-खोचा खांब केले होते!

ती दूर गेली, वळली आणि धावत सुटली. जवळ येताच तिने मला एका हाताने घट्ट धरले आणि गर्रकन वळसा घेतला. मी मुळापासून हलले. पुन्हा आली, पुन्हा वळली. भागिरथा आधी इकडेतिकडे पाहत होती, मग तीच ओरडली, "पळ, पंचे, पळ!" मोहनसिंगांनी घाईघाईने कॅमेऱ्याची कळ दाबली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो एकच खेळ. हॉकीचा नसला तरी खेळ होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मायलेकी फोटो न्यायला आल्या. मोहनसिंगांनी पहिला फोटो अभिमानाने पुढे ठेवला. त्यात पंचफुला आणि मी अगदी स्वच्छ आलो होतो. दुसरा त्यांनी संकोचाने दाखवला. त्यात मी मातीत ताठ उभी होते आणि माझ्याभोवती नुसता पांढरा फराटा होता.

"हा बिघडला," ते म्हणाले. "तू थांबलीच नाई."

पंचफुला तो बिघडलेला फोटो घेऊन बराच वेळ पाहत राहिली. "हाच द्या," ती म्हणाली.

"यात तुहा चेहरा कुठं हाय?" भागिरथाने विचारले.

"चेहरा तं सासरचे रोजच पाह्यतीन, माय."

तो फोटो पदराआड धरून ती गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

पहिला फोटो मोहनसिंगांनी काचेच्या कपाटात लावला. येणारे-जाणारे म्हणत, "वा, काय हॉकी खेळत असंन ही पोरगी!" मला ओरडून सांगावेसे वाटे की खरा फोटो इथे नाही. तो कुठल्यातरी घरात आहे आणि ते घर मला माहीत नाही. पुढे रंगीत फोटो आले, सोंगे बदलली. मोहनसिंग थकले, स्टुडिओ बंद झाला. आता मी माळ्यावर धूळ खात पडले आहे. रेडिओही ऐकू येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात एखादी बॅट असेल, हवा गेलेला चेंडू असेल, तर त्याला नुसते पुसून ठेवू नका, खेळायला न्या. ज्या मुलीला बाजूला उभे केले असेल तिलाही बोलवा. आणि कधी या माळ्यावर आलात तर मलाही खाली काढा. मला मातीत न्या, घट्ट धरा, आपटा, मोडले तरी हरकत नाही. फोटो नाही काढला तरी चालेल.