विहीर ते गोठा

मी बाक बोलतोय. शाळेतला नाही, बसमधला. सौंसरहून लोधीखेड्याला जाणाऱ्या एका जुन्या खासगी बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागं, खिडकीशी दोघांपुरता बाक आहे, तो मी.

नागपूरच्या एका कारखान्यात माझी हाडं जोडली. वर काथ्या भरला, त्यावर हिरवं रेक्झिन चढवलं. नवा होतो तेव्हा लोक आधी हात फिरवायचे, मग बसायचे. पुढं कापसाच्या गाठोड्यांनी आणि संत्र्यांच्या टोपल्यांनी माझं नवेपण उतरवलं. बाकावर सगळे बसतात, बाकाकडं कुणी पाहत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बसणाऱ्याचे पाय हलके झाले की आपलं काम झालं.

माझ्याकडं नीट पाहिलं ते वृषालीनं. चांगली पंचविशीतली आहे ती. डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलेलं. बोलते थोडं. रोज दुपारी आई कुसुमबाईंसोबत यायची, माझ्या शिवणीवर बोट फिरवत पुढं-मागं डोलायची, आणि लोधीखेड्याहून त्याच बसनं परत जायची. नवा प्रवासी विचारायचा, "कोठी जाऊन राहिल्या जी?"

"कोठीच नाई. फिरून येतो," कुसुमबाई म्हणायच्या.

तेवढ्या फेरीनं दोघींचा दिवस सरळ जायचा.

मग कोरोना आला आणि बस बंद झाली. कवडूभाऊ या बसचे मालक आणि ड्रायव्हरही. त्यांनी ती आपल्या संत्र्याच्या बागेत, विहिरीजवळ उभी केली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्याही बऱ्या होत्या, पण त्यांना टेकायचं नसतं.

एका दुपारी कुसुमबाई वृषालीचा हात धरून बागेत आल्या. त्यांचं घर धुऱ्यापलीकडंच, बागेच्या बांधाला लागून. वृषालीच्या कपाळावर टेंगूळ होतं. कुसुमबाईंच्या दंडावर चावल्याचे वण.

"भाऊ, बसची वेळ झाली का हे भिंतीवर डोकं आपटते. रोग काय, बंद काय, इले कसं समजावू? रातभर ते जागते, मी बी जागतो. मी पडली तं इले कोन पाहीन?"

कवडूभाऊंनी बसमधल्या कोंबड्या हुसकून लावल्या. मग म्हणाले, "चढा वर."

वृषाली बसली. बोटानं शिवण शोधली, पण डोलेना. नुसती समोरच्या काचेतून पाहत राहिली. कवडूभाऊंनी इंजिन सुरू केलं. विहिरीपासून गोठ्यापर्यंत बैलगाडीची वाट होती, तीवरून बस बैलाच्याच चालीनं निघाली. कंडक्टर पंकज तेव्हा बागेतच कामाला होता. त्याला वाटलं, पोरीला खुश करावं. गोठ्याशी बस थांबताच दारात लटकून तो ओरडला, "लोधीखेडा! चला, लोधीखेडा आलं!"

वृषालीनं बाहेर पाहिलं. बाहेर म्हैस होती. वृषालीनं किंकाळी फोडली आणि खिडकीच्या दांडीवर डोकं आपटलं. कुसुमबाईंनी मध्ये हात घातला, तो सोलला. रडतच त्या तिला घेऊन उतरल्या.

धुऱ्यावर शेजारचा विजय उभा होता. "म्हशीले लोधीखेडा म्हनते! पोरगी शहाणी हाय, तूच येडा."

दुसऱ्या दिवशी कवडूभाऊ स्वतः जाऊन दोघींना घेऊन आले. बस गोठ्याशी पोचली. पंकज हळूच म्हणाला, "गोठा."

वृषालीनं पाहिलं. गोठाच होता.

"गोठा," ती म्हणाली.

बस मागं मागं विहिरीवर आली. "विहीर." तिनं वाकून पाहिलं. "विहीर." आणि ती डोलू लागली.

"मले बी स्टॉप द्या ना गड्या," विजय धुऱ्यावरून ओरडला.

"विजय आला, विजय!" पंकजनं पुकारलं.

"विजय," वृषाली म्हणाली, आणि हसली. कवडूभाऊ तर इतके हसले की गिअर चुकला.

कुसुमबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं डोकं माझ्या पाठीवर कललं होतं. इतक्या जणांचं ओझं मी पेललंय, पण एवढी गाढ झोप माझ्यावर कधी उतरली नव्हती. कवडूभाऊंनी आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली नाही. विहीर, गोठा, विहीर. पंकज नावं कुजबुजत होता, वृषाली कुजबुजून परत देत होती. सगळं बंद होतं तोवर रोज दुपारी हे चालू राहिलं. वृषालीच्या कपाळावरचं टेंगूळ बसलं.

आता बस पुन्हा रस्त्यावर आहे. वृषालीला तोंडावर मास्क सहन होत नव्हता, म्हणून सक्ती उठेपर्यंत दोघी थांबल्या, मग आल्या. माझं रेक्झिन फाटलंय, काथ्या बाहेर आलाय. मला त्याचं काही नाही.

तुम्ही कधी या बसमध्ये चढलात, तर मागं भरपूर जागा असते, तिथं बसा. मोबाईलचा आवाज थोडा कमी करा. मुलगी मजेत डोलतेय आणि आईचा आत्ताच डोळा लागलाय.