नानासाहेबांचे चार भोंगे

मोशीच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटासमोर बिल्डरांनी एवढे उंच टॉवर उभे केले, की नानासाहेबांची ललकारी त्यांच्यावर आपटून माघारी यायला लागली. तीही प्रत्येक भिंतीवरून वेगळी. बैल घाट चढून, गोठ्यात जाऊन, पेंड खाऊन आडवे व्हायचे, तरी "सुटला, गाडा सुटला!" टॉवरांमधून फिरतच असायचं.

बैलगाडा शर्यतीत गाडा कुणाचा, चढला कसा, हे माइकवर सांगायचा मान नानासाहेबांचा. यंदा यात्रा कमिटीच्या दादासाहेबांनी तोंडावर सांगितलं, "नाना, गेल्या साली लोकांना एक अक्षर कळलं न्हाई. यंदाबी तसंच झालं, तर माइक रणजीतकडं."

रणजीत म्हणजे तरणाताठा, दणदणीत आवाजाचा गडी. नानासाहेबांना जेवण गोड लागेना.

त्यांची पुतणी तेजस्विनी माणच्या आयटी पार्कात मोबाइल नेटवर्कच्या कंपनीत होती. ती म्हणाली, "नाना, मोबाइलचंही हेच दुखणं. लहरी बिल्डिंगांवर आपटून मागंपुढं पोचतात. एकाच लहरीवर भरभर पाठवलं की मागचं पुढच्यावर चढतं. म्हणून आम्ही निरोप अनेक लहरींवर वाटून देतो. प्रत्येकीवर थोडा, सावकाश, आणि मधे जराशी उसंत. पडसाद त्या उसंतीत विरतो."

"आन् लहरी एकमेकींत मिसळत न्हाईत?"

"प्रत्येकीची पट्टी ठरलेली. पट्टी सोडली की सगळा काला."

नानासाहेबांनी चार भोंगे बांधले आणि चार आवाज जमवले. खर्जातला सोनबा. भाजी विकताना जिच्या हाळीनं बस थांबते ती छबूबाई. नाकात बोलणारा कादर गॅरेजवाला. चौथे ते स्वतः. पण सोनबा भजनातला माणूस. दुसऱ्याचा सूर कानावर पडला की आपोआप त्यात जाऊन बसायचा. तालमीत तो खर्जातून चढत चढत छबूबाईच्या पट्टीत पोचला.

"मुडद्या, माझ्या गळ्यात कशाला शिरतोस?" छबूबाई कडाडली.

शेवटी कादरनं गॅरेजातल्या चिंध्यांचे बोळे आणून सगळ्यांच्या कानात कोंबले. आता कुणाला कुणाचं ऐकू येईना.

वाटणी नानासाहेबांनी गावागणिक केली. मोशीचे गाडे सोनबाकडं, चिखलीचे छबूबाईकडं, चऱ्होलीचे कादरकडं, चाकणचे स्वतःकडं. "आपल्या गावचा गाडा सोडून दुसऱ्याचं ऐकतंय कोण?" ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

शर्यतीच्या दिवशी चमत्कार झाला. चारही आवाज सावकाश, थांबून थांबून बोलत होते आणि जो तो आपल्या गावचा आवाज धरून बसला होता. शब्द न् शब्द कळत होता. दादासाहेबांनी मान डोलावली.

मग आली दिवसातल्या सगळ्यात वेगवान जोडीच्या, 'घाटाच्या राजा'च्या किताबाची घोषणा. चौघांनी नेमानं आपापल्या गावच्या सगळ्यात वेगवान जोडीचं नाव घेतलं. कानात बोळे, त्यामुळे बाकीचे तिघं काय म्हणतायत याचा पत्ता कुणालाच नाही. चार गावांनी चार नावं ऐकली आणि एकाच वेळी चार ठिकाणी गुलाल उडाला.

"आरं, राजा एकच असतो!" दादासाहेब ओरडले. रणजीतनं माइक ओढून खरं नाव एका दमात ठणकावलं. टॉवरांनी ते गिळलं, चावलं आणि तुकडे करून परत दिलं. चारही मिरवणुकांना त्यात आपलंच नाव सापडलं.

"नाना," तेजस्विनी म्हणाली, "मोबाइलमधे शेवटी सगळे तुकडे परत जोडतात. ते तुम्ही केलंच नाही."

"जोडलं असतं तर तीन गावं तोंड पाडून घरी गेली असती, बाई."

दुसऱ्या दिवशी चारही गावचे गाडामालक दादासाहेबांच्या ओसरीवर आले. माइक नानांकडंच ऱ्हायला पाहिजे, हे सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. दादासाहेब काय करणार?

खरं नाव अजून टॉवरांमधून फिरतंय म्हणतात. ते जवळ आलं की वरच्या मजल्यावरचे लोक दारं लावून घेतात.